नाशिकमधील सार्वजनिक घरे व त्यांचा शेजार : नामव्यवहाराच्या आधारे एक विवेचन

१

नगराच्या एखाद्या भागातील जमिनीचे मोल वाढू लागले, की त्या भागात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सार्वजनिक खर्चाने किंवा शासनाच्या सक्तीने घरे व्हावीत की नाहीत, हा प्रश्न शेजाऱ्यांच्या दृष्टीने वादग्रस्त होतो. बांधणाऱ्या संस्थेचे अहवाल असतात, घर मिळणाऱ्यांच्या याद्या असतात, कंत्राटदारांचे हिशेब असतात. शेजाऱ्यांचे मत मात्र बोलण्यात उमटते आणि तेथेच विरते. तथापि बोलण्यातील एक अंश टिकून राहतो, तो म्हणजे नाव. वस्तीला, घराला आणि घरात राहणाऱ्याला लोक कोणत्या शब्दाने ओळखतात, कायदा कोणता शब्द वापरतो, आणि या दोहोंत कोठे फरक पडतो, हे पाहिले असता शेजाराच्या वृत्तीचा इतिहास बऱ्याच अंशी हाती येऊ शकतो. प्रस्तुत निबंधात नाशिक शहराच्या संदर्भात असा प्रयत्न केला आहे.

आरंभी एका संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. १९६४ साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषींनी लंडन शहरातील बदलांविषयी लिहिताना ‘जेन्ट्रिफिकेशन’ हा शब्द घडविला. श्रमिकांच्या जुन्या मोहल्ल्यांत मध्यमवर्गीयांनी शिरावे, जुनी घरे दुरुस्त होऊन महाग व्हावीत, आणि मूळ रहिवासी क्रमाक्रमाने बाहेर जावेत, ही प्रक्रिया त्यांना अभिप्रेत होती. मराठीत तिला ‘अभिजनीकरण’ म्हणता येईल. परंतु नाशिकच्या बाबतीत या संज्ञेचा अर्थ थोडा वाकवूनच घ्यावा लागतो. येथे मोल वाढले ते प्रामुख्याने जुन्या श्रमिक वस्त्यांचे नव्हे, तर शहराच्या कडेवरील मळ्यांचे. कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मानगर यांसारख्या भागांची आजची प्रतिष्ठा ही शेतजमिनीवर उभी राहिली आहे, आणि शहराच्या अनेक स्थलनामांत ‘मळा’ हे पद अद्याप टिकून आहे. या वाढत्या मोलाच्या पट्ट्यातच मल्हारखाणीसारखी जुनी झोपडपट्टीही आहे. म्हणून नाशिकमध्ये प्रश्न दुहेरी होतो : आधीपासून असलेल्या गरीब शेजाऱ्याचे काय करावयाचे, आणि नवा गरीब शेजारी येऊ द्यावयाचा की नाही.

२

सार्वजनिक घरांविषयीची वृत्ती कोऱ्या पाटीवर उमटलेली नाही. मराठी गावाची रचनाच कोणी कोणाच्या शेजारी राहावे याच्या नियमांवर झालेली होती. आळी, गल्ली, वाडा ही नाशिकच्या जुन्या भागातील पदे व्यवसाय आणि जात यांच्या सीमा दाखवीत. आणि ज्यांना या सीमांच्या आतही जागा नव्हती, त्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती. सार्वजनिक स्थळांवरील हक्काचा प्रश्न याच शहरात २ मार्च १९३० रोजी आरंभ झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली देशापुढे मांडला गेला, ही गोष्ट येथे विसरता येणार नाही. वस्त्यांच्या जातिवाचक नावांचा प्रश्न तर त्यानंतरही दीर्घकाळ राहिला. अशी नावे बदलून त्यांऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. स्वातंत्र्यानंतर सात दशकांहून अधिक काळ ही नावे टिकावीत, यावरून स्थलनाम हे सामाजिक अंतर किती चिवटपणे जपते, हे लक्षात येते.

शासनाने श्रमिकांसाठी घरे बांधण्याचा मोठा उपक्रम या प्रदेशात प्रथम मुंबईत झाला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले, आणि १९२० मध्ये मुंबई विकास विभाग निर्माण होऊन त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या आणि खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट, अशी त्यांची रचना होती. आरंभीच्या काळात यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. पुढे त्या गजबजल्या, आणि ‘बीडीडी चाळ’ हे शासकीय विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले नाव मराठीत रुळले. शासकीय संस्थेचे संक्षिप्त नाव हेच वस्तीचे नाव होणे, हा नामकरणाचा प्रकार येथे प्रथम ठळकपणे दिसतो. नाशिकच्या इतिहासात त्याची पुनरावृत्ती झालेली आढळेल.

याच काळात नाशिकरोड येथे दुसऱ्या प्रकारची सार्वजनिक घरे झाली. १९२० च्या दशकात तेथे प्रतिभूती मुद्रणालय व चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले, आणि त्यांच्या सेवकवर्गासाठी निवासस्थाने बांधली गेली. यांना लोक ‘क्वार्टर’ म्हणत. क्वार्टर हेही शासनाने सार्वजनिक पैशातून बांधलेले, अल्प भाड्याचे घर होय. तरीही क्वार्टरमध्ये राहणे हे कमीपणाचे मानले गेले नाही; किंबहुना सरकारी क्वार्टर हे स्थिर नोकरीचे आणि म्हणून प्रतिष्ठेचे चिन्ह ठरले. विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याचा आक्षेप घर शासनाने बांधले या गोष्टीला असता, तर तो क्वार्टरलाही लागू पडला असता. तसा तो पडला नाही. यावरून आक्षेपाचे मूळ बांधणाऱ्यात नसून राहणाऱ्यात शोधावे लागते.

३

स्वातंत्र्योत्तर काळात गृहनिर्माणास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १९४८ च्या अधिनियमान्वये मुंबई गृहनिर्माण मंडळ अस्तित्वात आले. १९५२ मध्ये केंद्र शासनाची औद्योगिक कामगारांसाठीची अर्थसाहाय्यित गृहयोजना आली. आणि १९७६ च्या अधिनियमान्वये पुढील वर्षी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, स्थापन झाले. नाशिकच्या औद्योगिक वाढीचा काळही हाच होय. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर सातपूर येथे व पुढे अंबड येथे औद्योगिक वसाहती झाल्या, आणि ओझर येथे १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला. कारखान्यांमागोमाग खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि जिल्ह्यातील तालुके येथून माणसे आली. त्यांना राहावयास घरे हवी होती.

ही गरज भागविण्याचे मोठे काम नाशिकमध्ये ‘सिडको’ने केले. १९७० मध्ये स्थापन झालेले हे नगर व औद्योगिक विकास महामंडळ नवी मुंबईसाठी विशेष प्रसिद्ध आहे. परंतु १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याने मुंबई-आग्रा महामार्गाच्या पश्चिमेस, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड या गावांच्या शिवारात सहा योजना राबवून चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात सदनिका उभारल्या. घरे लहान होती. पुष्कळशी बैठी व ओळीने बांधलेली. किंमत हप्त्यांनी फेडावयाची असे. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर येथील नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून महानगरपालिका झाली, आणि सिडकोच्या योजना क्रमाने तिच्याकडे हस्तांतरित झाल्या.

या उपनगराचे शासकीय नाव ‘नवीन नाशिक’ असे आहे. महापालिकेच्या विभागाचेही नाव तेच. तथापि लोकव्यवहारात ते रुजले नाही. लोक ‘सिडको’च म्हणतात. महामंडळाचे इंग्रजी आद्याक्षरी नाव मराठी विभक्तिप्रत्यय घेऊन ‘सिडकोत’, ‘सिडकोतला’, ‘सिडकोवासी’ असे चालू लागले, म्हणजे तो शब्द पूर्णपणे मराठी झाला. त्याचा आरंभीचा अर्थ केवळ स्थानवाचक नव्हता. महामार्गाच्या पलीकडे, कारखान्यांच्या बाजूस, एकसारख्या छोट्या घरांत राहणारा परगावचा कामगार, असा एक वर्गवाचक ध्वनी त्यास होता. ‘कॉलेज रोड’ हे जसे रस्त्याचे नाव असून राहणीचेही नाव झाले, तसेच ‘सिडको’ हेही झाले, आणि ही दोन नावे परस्परविरोधी अर्थाने उच्चारली जाऊ लागली. ‘नवीन नाशिक’ हे नाव न रुजण्याचे एक कारण याच अर्थभेदात असावे : ‘नवीन’ या विशेषणाने त्या वस्तीला मूळ शहराच्या बरोबरीचे स्थान दिले असते, आणि ‘सिडको’ या नामाने ते स्थान शहराच्या बाहेर ठेवले.

मात्र शब्दाचा अर्थ स्थिर राहिला नाही. रहिवाशांनी हप्ते फेडले, बैठ्या घरावर मजला चढविला, पुढे खोली काढली, एका बाजूस दुकान थाटले. त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर, सावतानगर येथे बाजारपेठा झाल्या. मुलांनी शिक्षण घेतले. वाढीव बांधकामे नियमबाह्य असल्याचा वाद त्यातूनच उद्भवला, आणि २०१८ मध्ये महापालिकेने अशा बांधकामांवर कारवाईचा पवित्रा घेतला तेव्हा मोठा विरोध झाला. या वादाचा एक अर्थ असाही आहे, की सार्वजनिक योजनेत घर मिळालेले कुटुंब त्या घराला आता पूर्णतः स्वतःची निर्मिती मानीत होते. एका पिढीच्या अवधीत ‘सिडकोतला’ या शब्दातील हिणकस छटा बरीचशी झिजली. सार्वजनिक घरांचा शेजार कायमचा मलिन राहतो, या समजुतीस नाशिकच्या इतिहासाने दिलेले हे उत्तर होय.

४

ज्यांच्याकडे हप्ता फेडण्याइतकीही मिळकत नव्हती, त्यांचा शब्दसंग्रह निराळा आहे. ‘झोपडपट्टी’ हा समास झोपड्यांची ओळ एवढेच सांगतो; परंतु १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमात ‘झोपडपट्टी’ या शब्दास ‘सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास’ या तीन क्रिया जोडल्या गेल्या. यांपैकी ‘निर्मूलन’ हा शब्द मराठीत रोगाच्या, व्यसनाच्या, अंधश्रद्धेच्या संदर्भात वापरला जातो. तो वस्तीला लावला गेला, तेव्हा वस्ती आणि तिच्यात राहणारी माणसे यांतील भेद बोलताना पुसट होणे स्वाभाविक होते. पुढील दशकांत ‘पुनर्वसन’ हा शब्द अधिक प्रचारात आला व १९९५ मध्ये मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. शब्द सौम्य झाला, हे खरे. तरी पुनर्वसन पावणारा हा अद्याप स्थानभ्रष्टच समजला गेला.

यानंतर ‘घरकुल’ आले. या शब्दात लघुत्व आणि जिव्हाळा दोन्ही आहेत. मुलांनी खेळात मांडलेल्या घरासही घरकुल म्हणतात. कवितेत आणि संसाराच्या बोलण्यात हा शब्द प्रेमाचा आहे. परंतु शासकीय योजनांच्या नावांत तो शिरल्यावर त्याची दिशा पालटली. २००५ च्या डिसेंबरात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले, व त्याच्या शहरी गरिबांसाठीच्या उपक्रमाखाली नाशिक महानगरपालिकेने चुंचाळे, वडाळा, शिवाजीवाडी आदी ठिकाणी बहुमजली इमारती बांधल्या. या इमारतींचे लोकव्यवहारातील नाव ‘घरकुल’ असेच झाले. आता ‘घरकुलात राहणे’ हे वाक्य राहणाऱ्याची आर्थिक पायरी सांगते. ज्या शब्दाने एखादा मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्या नव्या सदनिकेचे कौतुक करतो, तोच शब्द इमारतीच्या नावात आला की दुसऱ्याला खाली बसवितो, असा हा अर्थविपर्यय आहे.

याच्या जोडीस ‘लाभार्थी’ हा शब्द पाहावा. सिडकोत घर घेणारा हप्ते भरणारा खरेदीदार होता, सहकारी संस्थेतील गृहस्थ ‘सभासद’ असतो, म्हाडाच्या सोडतीत भाग घेणारा ‘अर्जदार’ व नंतर ‘विजेता’ म्हटला जातो. घरकुलातील कुटुंबप्रमुख मात्र ‘लाभार्थी’. घरात दहा वर्षे राहिल्यावरही तो लाभार्थीच राहतो. देणगीचा उल्लेख ज्या नावात कायम असतो, त्या नावाच्या मनुष्याला बरोबरीचा शेजारी मानणे इतरांना जड जाते.

शेजाऱ्यांच्या बोलण्यातील आणखी एक जोडी उल्लेखनीय आहे : ‘सोसायटी’ आणि ‘वस्ती’. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था, हा ‘सोसायटी’चा कायदेशीर अर्थ. ‘वस्ती’ हा तर मुळात निखळ तटस्थ शब्द. कोणतेही लोक राहतात ती वस्ती. तथापि शहरी बोलण्यात ‘सोसायटीतली मुले’ आणि ‘वस्तीतली मुले’ असे दोन वर्ग निर्माण झाले, आणि ‘वस्ती’ हा शब्द कोणतेही विशेषण न लावता गरिबांच्या वस्तीपुरता संकोचला. अर्थसंकोचाचे असे उदाहरण भाषाशास्त्रात नवीन नाही. परंतु येथे तो संकोच ज्या दिशेने झाला, ती दिशा शेजाराच्या वृत्तीने ठरविली आहे.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार झाला पाहिजे. शेजाऱ्यांचे आक्षेप सर्वस्वी उच्चभ्रूपणातून येतात, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९९१ मध्ये सुमारे साडेसहा लाख असलेली नाशिकची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांवर गेली. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शहरात पाणी, मलनिःसारण, रस्ते आणि शाळा यांवरील ताण प्रत्यक्ष आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाची जन्माची बचत व वीस वर्षांचे कर्ज एका सदनिकेत गुंतलेले असते. तिचे मोल घटेल, ही भीती त्यास क्षुल्लक वाटणे शक्य नाही. दाट इमारती बांधून त्यांच्या देखभालीची नीट व्यवस्था लागली नाही, म्हणजे भीतीला आधारही मिळतो. परंतु ताण हेच खरे कारण असते, तर तितक्याच सदनिकांच्या महागड्या संकुलासही तितकाच आक्षेप व्हावयास हवा होता. तो होत नाही. उलट अशा संकुलाने परिसराचा दर्जा उंचावला, असे म्हटले जाते.

५

शेजाराच्या प्रश्नाला कायद्याने थेट हात घातला तो २०१३ मध्ये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राज्य शासनाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी असा नियम केला, की चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडाचा विकास करणाऱ्याने वीस टक्के भूखंड किंवा सदनिका आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवाव्यात, आणि त्या म्हाडामार्फत दिल्या जाव्यात. नाशिकला हा नियम लागू झाला. यास ‘सर्वसमावेशक गृहनिर्माण’ असे नाव आहे. आजवरच्या सर्व योजनांत गरिबांसाठी निराळी जागा शोधली जात होती. या योजनेत प्रथमच मोल वाढलेल्या जागेतच त्यांचा वाटा ठरविला गेला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या माउंट लॉरेल निर्णयात नगरांनी आपल्या नियोजनात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना स्थान दिले पाहिजे, असे तत्त्व सांगितले होते. महाराष्ट्राचा नियम त्याच विचारकुळातील म्हणता येईल.

नाशिकमधील त्याची अंमलबजावणी मात्र वादग्रस्त ठरली. २०२२ च्या आरंभी तत्कालीन गृहनिर्माणमंत्र्यांनी शहरातील अनेक प्रकल्पांतून ही घरे म्हाडाकडे आलीच नाहीत, असा आरोप जाहीरपणे केला. मार्च महिन्यात विधान परिषदेत तो विषय गाजला, आणि महापालिका आयुक्तांच्या बदलीपर्यंत प्रकरण गेले. त्यानंतर म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतींत ‘२० टक्के सर्वसमावेशक योजना’ हे शीर्षक परिचयाचे झाले. या वादात विकासकांची नावे, सदनिकांची संख्या आणि अधिकाऱ्यांची जबाबदारी यांची भरपूर चर्चा झाली. उरलेल्या ऐंशी टक्के सदनिका घेणाऱ्या गृहस्थाला हा शेजार हवा आहे की नको, याची चर्चा फारशी झाली नाही. वास्तविक विकासक जी टाळाटाळ करतो, तीमागे घराच्या किमतीइतकाच या ग्राहकाच्या अपेक्षित नापसंतीचा हिशेब असतो.

नियमाने एकाच जिन्यावरचा शेजार सक्तीचा केलेला नाही. स्वतंत्र भूखंड वा स्वतंत्र इमारत चालते. त्यामुळे एकाच प्रकल्पात दोन इमारती, दोन प्रवेशद्वारे आणि दोन नावे राहण्यास वाव आहे. या संदर्भात इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील कटस्लो भिंतींचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांपासून आपली विक्रीची घरे निराळी राहावीत म्हणून १९३४ मध्ये खाजगी बांधकाम कंपनीने रस्त्यावरच दोन मीटरहून उंच भिंती घातल्या. त्यांच्या माथ्यावर टोकदार सळया होत्या. त्या हटविण्यास १९५९ साल उजाडले. मधल्या पाव शतकात नगरपालिकेच्या घरांतील लोकांना काही पावलांवरच्या मोठ्या रस्त्यावर जाण्यास दूरचा वळसा घ्यावा लागे. भिंती एका कंपनीने बांधल्या, परंतु त्या ज्या ग्राहकांसाठी बांधल्या, त्यांची इच्छा गृहीत धरूनच.

६

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की सार्वजनिक घरांविषयीचा आक्षेप शासनाच्या सहभागाला नसून राहणाऱ्याच्या सामाजिक स्थानाला असतो. क्वार्टर आणि घरकुल यांच्या प्रतिष्ठेतील अंतर हे त्याचे प्रमाण होय. दुसरा असा, की ही वृत्ती अपरिवर्तनीय नाही. सिडकोच्या बाबतीत ती बदलली. कारण तेथे कुटुंबाला मालकीची भावना होती, घर वाढविण्यास वाव होता, आणि काम जवळ होते. बहुमजली घरकुलात काम जवळ असू शकते, पण मजला चढविता येत नाही, आणि लाभार्थीपण सुटत नाही. तिसरा निष्कर्ष असा, की कालचा अप्रिय शेजारी आज आक्षेप घेणारा शेजारी होऊ शकतो. चुंचाळ्याची घरकुले सिडकोच्या व अंबडच्या कारखान्यांच्या बाजूलाच आहेत. आणि ज्यांच्याविषयी शहर एकेकाळी महामार्गापलीकडून बोलत असे, त्यांची पुढची पिढी आता त्यांच्याही पलीकडच्या लोकांविषयी बोलते.

या विषयाच्या पुढील अभ्यासास एक साधन विशेष उपयोगी पडेल. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागविल्या जातात. शेजाऱ्याचे मत लिखित व स्वाक्षरीनिशी नोंदले जाते, अशी ही जवळजवळ एकमेव जागा होय. नाशिकच्या आराखड्यांवरील हरकतींत गरिबांच्या घरांसाठीच्या आरक्षणांविषयी कोणते शब्द वापरले गेले, ‘गैरसोय’ कोणत्या आरक्षणास म्हटले गेले आणि ‘विकास’ कोणत्या, याची वर्षवार तपासणी झाली, तर येथे केवळ नामांच्या आधारे जे मांडले आहे, त्याची परीक्षा होईल. वीस टक्क्यांच्या नियमाचे यशही अखेर सोडतीतील आकड्यांपेक्षा एका निराळ्या कसोटीवर ठरणार आहे. त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबाला शेजारी ‘म्हाडावाले’ म्हणतात, की त्याच्या आडनावाने हाक मारतात, ही ती कसोटी.